टाकीखालचं घर

ताई, नमस्कार.

मी कऱ्हाड तालुक्यातल्या कालव्याकाठच्या एका गावचा ग्रामपंचायत सदस्य. वय एकेचाळीस, ऊस आणि दोन म्हशी. आमचं घर पाण्याच्या टाकीला लागूनच. गावाला दिवसाआड पाणी सुटतं, पहाटे साडेपाचला. आधी आमची गल्ली, मग पेठ, मग मारुतीच्या देवळामागचा भाग आणि सगळ्यात शेवटी ओढ्यापलीकडच्या माळावरची बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती. तिथं पाणी पोचेपर्यंत नऊ वाजतात. उन्हाळ्यात करंगळीएवढी धार, तीसुद्धा अर्धा तास. बायका हातपंपावर जातात. मी शाळेत होतो तेव्हापासून हे बघतोय.

यंदा मनात आलं, कुणीतरी मागं सरल्याशिवाय हे मिटायचं नाही. मासिक सभेत म्हणालो, उन्हाळाभर वस्तीला आधी पाणी सोडा, आमच्या गल्लीला शेवटी. सरपंच म्हणाले, बघू करून. आठवडाभर झालं नाही तोवर घरात रणकंदन. बायको बोलायची बंद झाली. चुलतभाऊ म्हणतात, "पुढाऱ्या, तुला मतं पायजेत म्हणून आमची तोंडं कोरडी करतोस व्हय?" गल्लीत सगळ्यांच्या नळाला मोटरी आहेत, आमच्याही आहे, तरी ही बोंब. एका मित्रानं माझा फोटो टाकून 'समतेचा पाईक' असं स्टेटस ठेवलं. आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्या वस्तीत गेलो, तर कॉलेजात जाणारं एक पोरगं म्हणालं, "दादा, उपकार नकोत. आमचं आम्हाला द्या." बरं केलंत असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

दुसऱ्याची गरज आधी बघितली, हे माझं चुकलं का? आणि त्या पोराला काय उत्तर देऊ?

— एक सदस्य

नमस्कार दादा,

चुकलं नाही. पण अर्धंच झालंय, आणि त्या अर्ध्याचं ओझंही अजून तुमच्या खांद्यावर आलेलं नाही. रागावू नका, पुढं वाचा.

रणकंदन घरात आहे, म्हणून घरापासूनच धरू. तुमच्या पत्रात ऊस आहे, म्हशी आहेत, सरपंच आहेत, मित्राचं स्टेटससुद्धा आहे. पाणी कोण भरतं, तेवढं मात्र कुठं आलेलं नाही. पहाटे साडेपाचला तुमच्या दारात नळ सुटतो तेव्हा तुम्ही गोठ्यात धारा काढत असाल किंवा, खरं सांगायचं तर, पांघरुणात असाल. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी धरणाऱ्या, पिंप विसळून भरणाऱ्या, मोरीतल्या बादल्या, देवाची कळशी, म्हशींची टाकी असं सगळं उरकत नेणाऱ्या वहिनी असतात, नाहीतर तुमच्या आई. पाणी साडेपाचला आलं की सहाला चहा होतो, सातला डबे होतात, पोरं आठच्या एसटीला लागतात आणि नऊला बाई वैरणीला मोकळी होते. तेच पाणी नवाला आलं तर भांडी तशीच, धुणं तसंच आणि वैरण भर उन्हात. तुम्ही सभेत एक वाक्य बोललात आणि वहिनींची सगळी सकाळ साडेतीन तास पुढं ढकलली गेली. त्यांना कुणी विचारलं होतं? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. मग त्या बोलत नाहीत यात नवल कसलं!

दुसऱ्यासाठी मागं सरायचं तर स्वतः सरावं. बायकोला, आईला, गल्लीला मागं ढकलून आपण सरलो असं म्हणता येत नाही. आपल्याकडं ही गफलत जुनी आहे. तुमच्याच तालुक्यात, काल्याला, १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला मुक्काम साताऱ्याला हलवला आणि तिथल्या बोर्डिंगात अठरापगड जातींची पोरं एका पंगतीला बसवली. दरवर्षी २२ सप्टेंबरला, अण्णांच्या जयंतीला, हे आपण भाषणात ऐकतो. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडायला दिले, मंगळसूत्रही ठेवलं नाही, हेही ऐकतो. पण वक्ता तेवढ्या एका वाक्यात लक्ष्मीबाईंना उरकतो आणि पुन्हा अण्णांच्या त्यागाकडं वळतो. दागिने बाईंचे होते, हे टाळ्यांच्या गडबडीत राहून जातं. त्यांनी निदान ते स्वतःच्या हातानं उतरवले होते. वहिनींना तर सभेतला निर्णय नळ कोरडा राहिल्यावर कळला असावा.

तेव्हा पहिलं काम हे. तुमच्या गल्लीला पाणी नवाला येणार असेल तर नवाला ते तुम्ही भरायचं. हंडे तुम्ही उचलायचे, पिंप तुम्ही धुवायचं. एक दिवस कौतुकासाठी नव्हे, पाऊस लागेपर्यंत. शेताला उशीर होईल, होऊ दे. उसाला एक तास उशिरा गेलात म्हणून उसाची कांडी आखूड होत नाही. आणि वहिनींपुढं समतेवर भाषण करू नका. त्यांना एवढंच सांगा की ओढ्यापलीकडच्या बायकांना नवाचं पाणी वर्षानुवर्षं असंच येतंय. पुढचं त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळेल. भांगलणीची टोळी आठ-साडेआठला निघते. पाण्यासाठी जी बाई मागं थांबते तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. ती थांबली नाही तर थोरल्या पोरीची शाळा बुडते, किंवा सत्तरीतली सासू हातपंपाला लोंबकळते. वहिनींनी आठवडाभर जे सोसलं, ते त्या बायका लग्न होऊन आल्या दिवसापासून सोसताहेत, तेही रोज बुडवून. तुमच्या घरातला राग हा त्या वस्तीचं दुखणं समजून घ्यायचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे, आणि तुम्ही त्याला रणकंदन म्हणून मोकळे झालात.

आता मोटर. पत्रात हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या मते सगळं पाणी तिथंच मुरतंय.

मोटर काही पाणी तयार करत नाही. लाइनीत जे आहे ते ती ओढते. टाकीखालच्या दहा घरांत पहाटे एकदम दहा मोटरी सुरू झाल्या की पुढच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. वस्तीकडं जाणारी लाइन गावातून जाते तितकी ठिकाणं तिला वाटेत पिणारी. त्यात आणखी एक वाईट गोष्ट होते. लाइनीत दाब उरला नाही आणि वरून ओढ लागली की जिथं जिथं सांधा गळका आहे तिथून गटारातलं पाणी आत खेचलं जातं. मग टाकीत टाकलेल्या टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, भरवसा राहत नाही. हगवण लागते ती बहुधा शेवटच्या नळावर, आणि लोक म्हणतात, तिकडं स्वच्छताच नसते. नळजोडणी देताना मोटर लावायची नाही ही अट असते, तुम्ही सदस्य आहात, तुम्हाला ठाऊक असणारच. कारवाई होत नाही, कारण पहिली मोटर कुणाच्या घरात आहे ते शिपायालाही ठाऊक असतं.

म्हणजे बघा, व्हॉल्व्हचा क्रम बदलणं हा गल्लीचा प्रश्न होता, त्यात तुम्ही भाऊबंदांचं पाणी मागं नेलंत. मोटर ही तुमच्या एकट्याची. ती काढायला सभा लागत नाही, सरपंचही लागत नाहीत, एक पाना लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या कटगुणचं घराणं असलेल्या जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांना पाणी भरायला खुला केला तो पुण्यातल्या स्वतःच्या घरचा हौद. गावचे हौद खुले करा असं सांगायचा अधिकार त्यातून आला. तुम्ही मोटर काढून अंगणात आणून ठेवा, मग चुलतभावांना बोला. तोवर त्यांचं म्हणणं, की तुला मतं पाहिजेत, मला तरी अगदीच गैरलागू वाटत नाही. आणि हो, म्हशी नळाच्या पाण्यानं धुता का? कालव्याकाठचं गाव म्हणताय म्हणून विचारलं. टाकीखालच्या गल्ल्यांत नळाला तोट्या नसतात आणि पिंप भरलं की उरलेलं पाणी गटाराला लागतं, हे दृश्य मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत इतक्या गावांत बघितलंय की न विचारता राहवत नाही.

स्टेटसचं एका ओळीत संपवते. मित्राला फोन करा आणि ते काढायला लावा. वस्तीतल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, ते त्यांनीही बघितलंय.

आणि आता ते पोरगं. तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते त्याचं बोलणं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात नेमकं बोललेला तोच. तुम्ही त्याच्याकडून आभाराची अपेक्षा केलीत. ते का नाही, हे समजायला तुमच्याच तालुक्यातल्या मसूर स्टेशनपर्यंत जावं लागेल, तेही १९०१ सालच्या.

भीमराव आंबेडकर तेव्हा साताऱ्यात शिकत होते. सात नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव साताऱ्याच्या हायस्कुलात घातलं गेलं, म्हणून तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला घेतला होता, त्या कामावर ते कॅशियर. सुट्टीत वडिलांकडं जायला निघालेली घरातली पोरं नवे कपडे घालून मसूरला उतरली. त्यांनी पाठवलेलं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, त्यामुळं घ्यायला कुणी आलं नाही. पोरं कोण, कुठली, हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार. डबा बरोबर होता, चांगला भरलेला. पण पाणी नव्हतं, आणि पाण्यावाचून घास उतरत नाही. वाटेत ओढ्यात जे साचलेलं दाखवलं गेलं त्यात जनावरांचं शेण-मूत मिसळलेलं होतं. रात्री नाक्यावर पाणी मागितलं, तर उत्तर मिळालं, टेकडीवर आहे, जाऊन घ्या. भरलेला डबा उशाला ठेवून ती पोरं उपाशी झोपली. बाप तलावाच्या कामावर, आणि पोराला घोटभर पाणी मिळालं नाही.

ही गोष्ट तुमच्या पत्रातल्या त्या पोराला नक्की माहीत आहे. तुम्हाला होती का? नसेल तर तो दोष तुमचा एकट्याचा नाही, पण मसूर तुमच्याच तालुक्यात आहे. त्या गाडीवानानंही एका अर्थी सोयच केली होती. गाडी दिली, वाट दाखवली, सोबत चालला. त्याबद्दल त्या पोरांनी त्याचे आभार मानायला हवे होते असं तुम्ही म्हणाल का?

तुम्ही गाडीवान नाही, हे मला कळतं. तुमचा हेतू चांगला आहे. पण आज कुणी कुणाला नळाला शिवू नकोस म्हणत नाही, तेवढं आपण सुधारलोय. आता ते काम व्हॉल्व्ह करतो, पाइपाचा व्यास करतो. टाकीतून निघालेली लाइन ओढा ओलांडताना किती इंची होते ते एकदा बघून घ्या. माझा अंदाज आहे की तिथं ती निम्मी झालेली असेल. कुणी मुद्दाम केलं असंही नसेल. अंदाजपत्रकात पैसे कमी पडले तेव्हा कुठली लाइन बारीक करायची, हे ठरवायला फार चर्चा लागली नसेल एवढंच. अशा गोष्टीत भांडायला समोर माणूसच सापडत नाही. आणि मग एक दिवस सदस्य येऊन सांगतात, उन्हाळाभर तुम्हाला आधी पाणी सोडायचं ठरवलंय. उन्हाळाभर! म्हणजे पाऊस पडला की पुन्हा शेवटी. ते पोरगं चिडणार नाही तर काय करेल?

शिवाय तुम्ही वस्तीत गेलात ते ठरवून झाल्यावर, सांगायला. विचारायला गेला असतात तर कदाचित वेगळंच ऐकायला मिळालं असतं. साडेपाचचं पाणी त्यांना सोयीचं असेलही. पण ज्या घरातली बाई ऊसतोडीला किंवा कऱ्हाडला कामाला पहाटेच बाहेर पडते, तिला संध्याकाळी सातचं पाणी जास्त उपयोगाचं. कुणी म्हणेल, वेळ तुमचीच असू दे, आम्हाला माळावर एक साठवण टाकी बांधून द्या, आमच्या हातानं चावी फिरवू. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून निधी येतो, त्यात पाण्याचं काम बसतं. बऱ्याच गावांत त्यातून कमान आणि पेव्हर ब्लॉक होतात, कारण काय पाहिजे ते वस्तीबाहेर ठरतं. दुसऱ्याची गरज आधी, हे मान्य. पण गरज कुठली, ते त्यांनीच सांगायचं. आपण अंदाजानं ठरवली तर ती आपलीच गरज असते, चांगलं वाटून घ्यायची.

आणखी एक. मागं सरण्याची ही भाषा फक्त टाकीखालच्या घरांसाठी आहे. वस्तीतल्या कुणाला, "तुम्हीपण जरा समजून घ्या, गावाचाही विचार करा" असं चुकूनही म्हणू नका. त्यांनी तेवढा विचार केलेला आहे.

भावकीचं त्या मानानं सोपं आहे, कारण ती शेतकरी भावकी आहे. त्यांच्याशी समतेवर नको, पाण्यावर बोला. कालव्याला शेजपाळी, म्हणजे रानांना पाणी द्यायची पाळी, कशी चालते? पाणी शेवटाकडून सुरू होतं आणि मुखाकडं येतं. का? कारण मुखाशी असलेल्याला आधी दिलं की शेवटचा कोरडा राहतो. शेवटच्याचं भिजलं की वरच्याला कुणी कोरडं ठेवू शकत नाही, पाणी त्याच्याच बांधावरून जातं. मधल्यांनी दारं फोडली की टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या, माणसाचा ऊस कसा वाळतो, हे तुमच्या चुलतभावांना मी सांगायची गरज नाही. टेलला कुणाचं रान असेल तर त्यानं स्वतः रात्री काठी घेऊन चारीवर राखण केली असेल. नळाचा हिशोब तोच. टाकी काठोकाठ भरलेली असते तेव्हा दाब जास्त, तेव्हा लांबचं आणि चढावरचं पाणी आधी काढून घ्यावं. टाकी निम्म्यावर आली तरी तिच्या पायथ्याच्या नळाला धार येतेच. उलट केलं तर टाकीखालची घरं दाबाची चैन करतात आणि दाबाची ज्यांना गरज त्यांच्या वाट्याला तळ येतो. म्हणजे क्रम बदलल्यानं तुमच्या गल्लीचा वेळ जातो, पाणी जात नाही. रोज म्हशीला मोटरीनं आंघोळ घालायची तर मात्र जातं.

कुणी म्हणालंच की दुसऱ्याच्या पाण्यासाठी आपण का मरायचं, तर त्याला वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींचं नाव सांगा. ऊसवाल्यांत हे नाव चालतं. वाळवा तालुका कृष्णेच्या काठचा. तिथं साखर कारखाना उभा केलेला हा माणूस आटपाडीच्या कोरड्या माळावर पाणी परिषदा भरवत राहिला. मागणी भीक म्हणून नव्हती, कृष्णेच्या पाण्यात दुष्काळी तालुक्यांचा समान वाटा, अशी होती. आज टेंभूच्या उपसा योजनेचं पाणी आटपाडीपर्यंत जातं. (टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. तुमच्या गावातून तिथं जायला फार वेळ लागणार नाही. हल्ली टेंभू म्हटलं की लोकांना पंपच आठवतात, ते जाऊ द्या.) स्वतःच्या रानात पाणी असलेला माणूस दुसऱ्याच्या वाट्यासाठी उभा राहतो तेव्हा त्याला पुढारी म्हणून हिणवणारे तेव्हाही असणारच.

पण भावकीचं मन वळेपर्यंत थांबू नका, आणि वळलं म्हणून निवांतही होऊ नका. आठवडाभरातच सगळं डळमळतंय, कारण ते तुमच्या बोलण्यावर उभं आहे. सरपंच 'बघू करून' म्हणाले, म्हणजे उद्या 'राहू दे' म्हणू शकतात. चावी सोडणारा जो माणूस आहे, त्याचा विचार केलात का? पहाटे अंधारात तुमच्या गल्लीतल्या शिव्या तो खातोय. त्याच्या हातात लेखी काही नाही. त्याला सही-शिक्क्याचा क्रम द्या: कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, किती वाजता बंद. तोच क्रम पंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घ्या, बाराही महिन्यांचा, उन्हाळ्यापुरता नको. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक गावांत कागदावर होते. यंदा ती खरी घ्या. तुमच्या गल्लीतल्या आणि माळावरच्या बायका एका सतरंजीवर बसल्या की पाण्याच्या वेळा त्या तासाभरात ठरवतील.

ठराव झाला म्हणजे झालं, असंही समजू नका. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं त्याला धरून १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, हजारो माणसं चालत तळ्यावर गेली तेव्हा. मधली तीन वर्षं तो ठराव दप्तरात होता आणि तळं होतं तसंच. ठराव हवाच, पण पाणी खरंच पोचतंय का, हे कुणीतरी रोज बघायला हवं. ते कोण बघणार, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

गल्लीतल्या कुणी तुमच्या घराशी बोलणं-चालणं, सोयरीक तोडायची भाषा केली तर घाबरू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि अस्पृश्यतेपायी कुणाला पाणवठा नाकारणं हा १९५५ पासून गुन्हा आहे. हे कुणाला धमकी म्हणून सांगू नका, तुम्हाला माहीत असू द्या.

आता त्या पोराला काय उत्तर द्यायचं, ते. शब्दांत काही देऊ नका. माफीही नको, ती मागायला गेलात तर त्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. वीस लिटरची एक बादली घ्या आणि पाणी सुटायच्या दिवशी त्याला बोलवा. घड्याळ त्याच्या मोबाइलवर त्यानं लावायचं. तुमच्या गल्लीत बादली किती वेळात भरते, माळावर किती वेळात, दोन्ही त्यानं लिहून घ्यायचं. जुना क्रम असताना एकदा, नवा क्रम असताना एकदा आणि गल्लीतल्या मोटरी बंद ठेवून एकदा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५, आणि पाणी दिवसाआड म्हणजे एका वेळेला ५५० लिटर, साडेसत्तावीस बादल्या. समजा तुमच्याकडं बादली चाळीस सेकंदांत भरली, तर अठरा-एकोणीस मिनिटांत तुमचं घर भागलं. माळावर तिला चार मिनिटं लागली तर तेवढ्याच पाण्याला एकशेदहा मिनिटं लागतात, आणि पाणी येतं अर्धा तास. हे आकडे त्याच्या वहीतून ग्रामसभेत वाचले जाऊ देत, त्याच्याच तोंडून. तुम्ही फक्त विषयपत्रिकेवर तो विषय चढवा, आणि तो बोलत असताना कुणी मधे बोललं तर त्याला गप्प बसवा.

मोटर मात्र बादली घेऊन निघायच्या आदल्या दिवशी काढा. नाहीतर तुमच्याच दारातलं पहिलं माप खोटं येईल.

— तुमची ताई